जुना चित्रपट पाहून टिपण कसे लिहावे

कोकणात जुने चित्रपट पाहायला पावसाळ्यासारखा काळ नाही. होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली ठेवलेल्या असतात, लावणी आटोपलेली असते आणि संध्याकाळी घराबाहेर पडण्याचे फारसे कारण उरत नाही. मात्र पाहिलेले लवकरच पुसट होते आणि ‘छान होता’ एवढाच शेरा हाती राहतो. त्यापेक्षा पानभर टिपण हवे असेल, तर तयारी चित्रपट लावण्यापूर्वीच करावी लागते.

आधी टीव्हीकडे पाहावे. १९३०-४०च्या दशकांतील चित्रपटांची चौकट जवळजवळ चौकोनी असते आणि आजचा रुंद पडदा ती ताणून भरू लागला की माणसे बुटकी व चेहरे पसरट दिसतात, म्हणून सेटिंगमध्ये ४:३ हे प्रमाण निवडून दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. आवाजाचीही काळजी घ्यावी. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना व्ही. शांताराम यांचा ‘कुंकू’ (१९३७) हेडफोनशिवाय पाहू नये, कारण त्यात पार्श्वसंगीताऐवजी प्रसंगातलेच आवाज वापरले आहेत आणि म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरातील घड्याळ हे जवळजवळ एक पात्रच आहे. ते ऐकू आले नाही, तर त्याच्या तरुण बायकोची, नीरेची, घुसमट अर्धीच पोहोचते.

पाहताना वाक्ये लिहू नयेत, खुणेपुरते शब्द टिपावेत. टिपण त्याच रात्री, इतरांची मते वाचण्यापूर्वी लिहावे. त्यात कथानक दोन-तीन ओळींत उरकावे आणि उरलेली जागा मनात रुतलेल्या एखाद्याच प्रसंगाला द्यावी. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ (१९३६) नुकताच पुन्हा पाहिला, तेव्हा विष्णुपंत पागनीसांच्या शांत मुद्रेचे कौतुक वाटलेच. पण वैकुंठगमनाच्या चमत्कारापेक्षा मला आजारी मुलासाठी थेट देवावर वहाण उगारणारी, गौरी यांनी साकारलेली जिजाई अधिक भिडली. तिचा संताप खोटा वाटत नाही, कारण त्यामागे रिकाम्या डब्यांचा संसार दिसत राहतो. आपल्या पसंतीचे असे कारण सापडेपर्यंत लेखणी खाली ठेवू नये.

‘अभिनय नाटकी आहे’ हा शेरा मात्र जपून वापरावा. जत्रेत पहाटेपर्यंत दशावतार पाहणाऱ्या सिंधुदुर्गातील प्रेक्षकाने तरी तो घाईने देऊ नये. आवाज चढा असणे वेगळे आणि भाव खोटा असणे वेगळे.

श्रेयनामावली पुढे ढकलू नये. ‘आधी बीज एकले’ हा तुकोबांचाच अभंग आहे, असे अनेक जण धरून चालतात. प्रत्यक्षात ती ‘संत तुकाराम’ चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी केलेली रचना आहे.

सर्वांत अवघड टिपण आपल्या ओळखीच्या मुलखातील कथेचे असते. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला (१९५३) पहिल्या राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि साने गुरुजींचे पालगड तर दापोली तालुक्यातलेच, त्यामुळे पुस्तक, शाळेतील धडा आणि आजीच्या तोंडून ऐकलेले प्रसंग यांची सरमिसळ झालेलीच असते. अशा वेळी पानावर मधोमध रेघ मारून डावीकडे पूर्वीपासून ठाऊक असलेले आणि उजवीकडे फक्त पडद्यावर दिसलेले लिहावे. वनमाला यांच्या चेहऱ्यावरची कठोरता माझ्या उजव्या बाजूला पहिल्याच ओळीत आली. मनातली आई तेवढी कडक नव्हती.

टिपणावर तारीख आणि चित्रपट कोठे पाहिला ते घालावे. पुढे मत बदलले, तर जुने न खोडता खाली नव्या तारखेने लिहावे. सुरुवात ‘कुंकू’पासून करावी, असे माझे मत आहे; त्याच्याविषयी तटस्थ राहणे कठीण असल्याने पहिले पान अडखळत नाही.