पीएसओने सेन्सरची मांडणी: कव्हरेज मध्येच का अडकतं?

पीएसओ (पार्टिकल स्वॉर्म ऑप्टिमायझेशन) म्हणजे अनेक उत्तरांचा थवा चांगल्या उत्तराकडे सरकवत नेणारी शोधपद्धत. तिने सेन्सर कुठे ठेवायचे ते ठरवताना कव्हरेज, म्हणजे झाकलेला भाग, वाढायचं थांबतं, ते का ते पाहू. ५० बाय ५० मीटरचं क्षेत्र, ४० नोड (सेन्सर), प्रत्येकाची सेन्सिंग रेंज ५ मीटर असं उदाहरण घेऊ. नोड कसेही विखुरले तर सरासरी ७१ टक्के भाग झाकला जातो, आणि कडेला वाया जाणारं धरलं तर त्याहून कमी.

कोड लिहिण्याआधी वरची मर्यादा काढा. षटकोनी मांडणीत शेजारच्या नोडमधलं अंतर ८.६६ मीटर (रेंज × √३) ठेवलं की एक नोड सुमारे ६५ चौरस मीटर सांभाळतो. म्हणजे कडा सोडूनही ३९ नोड लागतात. ४० मध्ये १०० टक्क्यांची आशा धरू नका. जागा मोकळी आणि आयताकृती असेल तर सरळ षटकोनी मांडणीच करा. पीएसओ कामी येतो तो मध्ये तळं, इमारत किंवा वेडीवाकडी हद्द असते तेव्हा.

क्षेत्रावर १ मीटरची जाळी टाका आणि अडथळ्यातले बिंदू वगळा. एक पार्टिकल म्हणजे थव्यातली एक पूर्ण मांडणी: ४० नोडच्या एक्स आणि वाय स्थानांचे ८० आकडे. फिटनेस म्हणजे झाकलेले बिंदू भागिले एकूण बिंदू. अडथळ्यात पडलेला नोड मोजायचा नाही. अंतराचं वर्गमूळ काढत बसू नका, वर्गाची तुलना २५ शी (रेंजच्या वर्गाशी) करा. पार्टिकल ४०, इनर्शिया (आधीचा वेग किती टिकवायचा) ०.७२९, दोन्ही गुणांक (स्वतःच्या आणि थव्याच्या सर्वोत्तम मांडणीकडची ओढ) १.४९४, वेगाची कमाल ५ मीटर. नोड हद्दीबाहेर गेला तर कडेवर आणा आणि त्या दिशेचा वेग शून्य करा.

खरी अडचण पुढे आहे. सगळे नोड सारखेच, त्यामुळे एकच मांडणी नोडचे क्रमांक बदलून ४० फॅक्टोरियल प्रकारे लिहिता येते. एका पार्टिकलचा ७ नंबरचा नोड ईशान्येला आणि सर्वोत्तम पार्टिकलचा ७ नंबरचा नैऋत्येला असेल, तर दोन्ही मांडण्या चांगल्या असूनही वेगाचं सूत्र त्या नोडला मैदानाच्या मधोमध ओढतं. सगळ्याच नोडचं असं झालं की मध्ये गर्दी होते आणि कोपरे उघडे पडतात. इथे इनर्शिया बदलून काही साधत नाही. वेग काढण्याआधी सर्वोत्तम मांडणीच्या प्रतीतले नोड या पार्टिकलच्या जवळच्या नोडशी जुळवून घ्या. हंगेरियन पद्धतीने (दोन गटांतल्या जोड्या कमीत कमी खर्चात लावणारी पद्धत) अंतराच्या वर्गांची बेरीज किमान करा. सायपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीमध्ये त्यासाठी तयार फंक्शन आहे. फक्त एक्सनुसार क्रम लावणं पुरत नाही, नोड जरासा सरकला की क्रम उलटतो.

रेडिओची रेंज सेन्सिंगच्या दुप्पट, म्हणजे १० मीटर असेल आणि सलग क्षेत्र पूर्ण झाकलेलं असेल तर नेटवर्क जोडलेलं राहतंच. कव्हरेज ९० टक्के असेल तर ती हमी नाही. सिंकपासून (सगळा डेटा गोळा करणारा मुख्य नोड) प्रत्येक नोडपर्यंत वाट आहे का तपासा आणि तुटलेल्या नोडसाठी फिटनेसमधून दंड कापा. शेवटी निकाल ०.२५ मीटरच्या जाळीवर पुन्हा मोजा, कारण १ मीटरच्या जाळीतून बारीक भोकं निसटतात.