जॅझ आणि बिग बँडच्या सीडी पारखताना या चुका टाळा

जुन्या सीडी आता परत हातात यायला लागल्यात. मुंबईतलं घर आवरताना कोणीतरी मामा-काका खोकंभर सीडी गावी पाठवून देतात, त्यात ड्यूक एलिंग्टन, काउंट बेसी, बेनी गुडमन, माइल्स डेव्हिस असे सगळे असतात, आणि मग रत्नागिरी-मालवणकडची आपली मंडळी विचारतात की यातलं ठेवायचं काय आणि देऊन टाकायचं काय. बहुतेकजण दोनच गोष्टी बघतात, आवाज स्वच्छ आहे का आणि दणदणीत आहे का. घोळ तिथेच होतो, कारण बिग बँडच्या, म्हणजे मोठ्या जॅझ ताफ्याच्या, सीडीत जास्त स्वच्छ आणि जास्त दणदणीत म्हणजे बरेचदा काहीतरी मारून टाकलेलं असतं.

खरखर आहे म्हणून सीडी टाकून देऊ नका

१९२५ च्या आसपास इलेक्ट्रिक रेकॉर्डिंग आलं, त्याआधी सगळा बँड भोंग्यासमोर दाटीवाटीने उभा राहून वाजवायचा. त्यानंतरही १९४० च्या दशकाच्या शेवटापर्यंत जवळजवळ सगळा माल ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरच निघाला, दहा इंची तबकडी, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. आज सीडीवर आपण ऐकतो ते अशाच कुठल्यातरी तबकडीवरून घेतलेलं असतं, तेव्हा थोडी खरखर येणारच. आता ही खरखर कॉम्प्युटरवर फार घासून काढली की तिच्यासोबत सिंबलची चमक जाते, ब्रशची सळसळ जाते, हॉलमधली हवा जाते, कारण हे सगळं त्याच वरच्या फ्रिक्वेन्सीत बसलेलं असतं. ओळखायचं कसं, तर गाण्याचा शेवटचा सूर ऐका. तो हळूहळू विरत गेला तर बरं, मध्येच कापल्यासारखा बंद झाला किंवा सूर वाढला की खरखर वाढते आणि सूर थांबला की ती पण गायब होते असं झालं, तर समजा हात जड पडलाय.

गुडमनची १६ जानेवारी १९३८ ची कार्नेगी हॉलची मैफल घ्या. १९९९ साली ती सीडीवर परत आली तेव्हा तबकड्यांची खरखर मुद्दाम बरीच ठेवली होती आणि त्यावरून लोक चांगलेच भांडले. मी ठेवणाऱ्यांच्या बाजूचा आहे. त्याच्या बँडमधल्या जीन क्रूपाचे ड्रम ऐकायचे असतील तर खरखर सोसायची, कान दहा मिनिटांत तिला सरावतो पण गेलेला ड्रम परत येत नाही.

म्हणून बुकलेट उघडून ट्रान्सफर, म्हणजे तबकडीवरून आवाज उतरवायचं काम, कोणी केलंय ते वाचायची सवय लावा. जॉन आर. टी. डेव्हिस हे नाव दिसलं तर बिनधास्त ठेवा, जुन्या तबकड्यांवरून आवाज काढण्यात या इंग्रज माणसाचा हात धरणारे फार थोडे. उलट १९८० च्या दशकात रॉबर्ट पार्करने जुन्या मोनो (दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येणाऱ्या) रेकॉर्ड्सना डिजिटल स्टिरिओ आणि वरून घुमारा देऊन सीडी काढल्या, त्या पहिल्यांदा ऐकायला भारी वाटतात पण बँड जिथे कधी बसलाच नव्हता अशा हॉलमध्ये नेऊन बसवल्यासारखा होतो. आणि दहा-दहा सीडीचे स्वस्त बॉक्स दिसले तर जरा जपून. युरोपात २०१३ पर्यंत रेकॉर्डिंगचे हक्क ५० वर्षांनी संपायचे, त्यामुळे कोणीही उठून जुना जॅझ छापायचं, आणि त्यातल्या बऱ्याच बॉक्सवर मूळ तबकडी कुठून घेतली याचा पत्ताच नसतो.

आधी स्पीकर तपासा, मग बँडला नावं ठेवा

बास पातळ आहे, मधला सोलो कुठून येतोय कळत नाही, अशी तक्रार असेल तर साधं काम करा. १९३० च्या दशकातली मोनो सीडी लावा आणि दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये बसा. आवाज समोरून, मधोमध, एका जागेवरून यायला हवा. तो दोन्हीकडे फाकलेला वाटला आणि बास गायब असला, तर एका स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी उलट्या लागल्यात, त्या बदला. हे सगळं ठीक असूनही एखादी जुनी सीडी पसरट आणि पोकळ वाजते, तर ती मोनोवरून बनवलेली खोटी स्टिरिओ असू शकते, १९६० च्या दशकात कंपन्यांनी असले प्रकार भरपूर केले. पण १९५० च्या दशकाच्या शेवटाला सॅक्स पूर्ण डावीकडे आणि ड्रम पूर्ण उजवीकडे असं ऐकू आलं तर तो बिघाड नाही, स्टिरिओ नवीन होतं तेव्हा मिक्सच तसं करायचे.

खोलीचं पण बघा. चिऱ्याची भिंत, खाली टाइल्स, सामान कमी, अशा खोलीत ट्रम्पेट कानात टोचणारच. एक टाळी वाजवा, मागून टणटण आवाज आला तर समोरच्या भिंतीवर जाड गोधडी टांगा. स्पीकर कोपऱ्यात ढकलला असेल तर दोन-तीन फूट बाहेर काढा, डबल बासचे सूर वेगवेगळे ऐकू यायला लागतील.

पावसाळ्यात निकाल देऊ नका, हे मी अगदी मनापासून सांगतो. जून ते सप्टेंबर पत्र्यावर नाहीतर कौलावर पाऊस कोसळत असताना बँडचे हळू भाग बुडून जातात, आणि मग ज्या सीडीत हळू-मोठं सगळं दाबून एकाच उंचीवर आणलंय तीच चांगली वाटते. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून पुढे अशा दाबलेल्या रिमास्टर (जुनाच आवाज नव्याने तयार करून काढलेल्या) सीडी खूप निघाल्या. तीच सीडी थंडीत रात्री शांत घरात लावा, अर्ध्या तासात डोकं चढतं. दोन आवृत्त्या ताडून बघताना मोठी वाजणारी आधी तेवढी खाली आणा, मोबाइलवरच्या साऊंड मीटर अ‍ॅपने दोघींची पातळी जुळवा, कारण जरा मोठा आवाज कानाला नेहमी जास्त चांगला वाटतो.

नेमकं ऐकायचं काय

बिग बँड म्हणजे साधारण पाच सॅक्स, चार ट्रम्पेट, तीन-चार ट्रॉम्बोन आणि ऱ्हिदम सेक्शन (पियानो, गिटार, बास, ड्रम). नुसते ट्रम्पेट किती फाडतात यावरून मार्क देऊ नका, ते कुठल्याही सीडीवर ऐकू येतात. गावच्या देवळात भजनाला झांजा कितीही चढल्या तरी पेटीचा सूर सापडतो ना, तसं इथे आतलं शोधायचं. बेसीच्या बँडमध्ये फ्रेडी ग्रीन अ‍ॅम्प्लिफायर न लावता गिटार वाजवायचा, चारही बीटवर एक-एक स्ट्रोक, मोठ्याने कधीच नाही. ऑक्टोबर १९५७ मध्ये रेकॉर्ड झालेला, नील हेफ्टीच्या अरेंजमेंटचा 'अ‍ॅटॉमिक' अल्बम मिळाला तर त्यातलं 'लिल डार्लिन' लावा, अगदी संथ आहे. ग्रीनची गिटार बासच्या सोबत चालताना जाणवली, आणि शेवटाकडे बँड मोठा झाला तेव्हा खोली खरंच भरली, तर सीडी ठेवा. एलिंग्टन असेल तर सगळ्यांच्या तळाला हॅरी कार्नीचा बॅरिटोन सॅक्स शोधा, तो नुसता घुमला तर ट्रान्सफर वाईट, त्याची खरखरीत कड ऐकू आली तर चांगलं.

आणि खराब आवाजात पण सोनं असतं हो! ७ नोव्हेंबर १९४० ला अमेरिकेत फार्गो नावाच्या गावी एका डान्स हॉलमध्ये जॅक टॉवर्स आणि डिक बरिस या दोन पोरांनी हलवता येणाऱ्या मशीनवर एलिंग्टनचा बँड तबकड्यांवर उतरवला. आवाज ओबडधोबड, पण तीन मिनिटांच्या स्टुडिओ रेकॉर्डमध्ये हा बँड एवढा मोकळा सुटलेला तुम्हाला सापडणार नाही. माझ्याकडे एकच एलिंग्टन ठेवायचा असता तर मी हाच ठेवला असता. १९४२ ते १९४४ वादकांच्या युनियनने अमेरिकेत रेकॉर्डिंग बंद ठेवलं होतं, त्या काळातले बँड ऐकायचे तर रेडिओवरून उतरवलेलं नाहीतर सैनिकांसाठी काढलेल्या व्ही-डिस्क, दुसरा मार्ग जवळजवळ नाहीच.

कधी सीडीवरचा प्रकार तुम्हाला बिघाड वाटतो पण असतो मूळचाच. एलिंग्टनच्या १९५६ च्या न्यूपोर्ट मैफलीत त्याच्या बँडमधल्या पॉल गोन्साल्विसने सॅक्सवर २७ कोरस (म्हणजे धूनेचे २७ फेरे) सोलो वाजवला, पण चुकून दुसऱ्याच माइकसमोर, व्हॉइस ऑफ अमेरिका रेडिओच्या. म्हणून जुन्या आवृत्तीत तो लांब वाटतो. १९९९ च्या आवृत्तीत तो दुसरा टेप सापडून जोडला तेव्हा तो समोर आला, शिवाय पहिल्या एलपीतला बराच भाग स्टुडिओत परत वाजवलेला होता हेही त्यातून कळतं. घ्यायची तर हीच घ्या.

सुराचं पण तसंच. माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या 'काइंड ऑफ ब्लू'ची पहिली बाजू वर्षानुवर्षं किंचित चढ्या सुरात निघत होती, कारण रेकॉर्डिंगच्या वेळी टेप मशीन जरा हळू फिरत होतं, मग नेहमीच्या वेगाने लावलं की सूर चढायचा. १९९० च्या दशकातल्या आवृत्त्यांमध्ये ते सुधारलं, त्यामुळे जुनी सीडी असेल तर मोबाइलवरच्या ट्यूनरने (सूर मोजणाऱ्या अ‍ॅपने) बघून घ्या.

मागे डीडीडी, एएडी लिहिलेलं असतं ते मार्क नव्हेत, रेकॉर्डिंग, मिक्सिंग, मास्टरिंग टेपवर झालं (ए, म्हणजे अ‍ॅनालॉग) की डिजिटल (डी) एवढंच ती तीन अक्षरं ओळीने सांगतात. १९३९ चा बँड डीडीडी असूच शकत नाही.

सीडी अडकते तेव्हा

आपल्या दमट हवेत सीडीला बुरशी धरते, आणि मध्य अमेरिकेत बेलीझमध्ये तर बुरशीने सीडीचा आतला थर खाल्ल्याचं २००१ साली संशोधकांनी दाखवलंय. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणून फक्त शेवटची गाणी अडकत असतील तर कडेला बघा. दिव्यासमोर धरा, टाचणीएवढी भोकं दिसली तर तो थर गेलाय आणि तो परत येणार नाही, जे वाजतंय ते आजच कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. नुसता डाग असेल तर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ सुती कापड, आणि मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. छापील बाजू जास्त जपा, चंदेरी थर तिच्याच खाली असतो. सगळ्याच सीडी अडकत असतील तर दोष प्लेअरच्या लेन्सचा, ब्लोअरने हलकी हवा मारा. आणि खोकं बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नका, पावसाआधी सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात भरून टाका.