दोष कोणत्या कमिटने आणला? ‘गिट बायसेक्ट’ने शोधण्याची रीत

जुन्या आवृत्तीत नीट चालणारी गोष्ट आज बिघडलेली आढळली, तर कोड वाचत बसण्यापूर्वी ती कोणत्या कमिटमुळे (कोडमध्ये नोंदवलेल्या एका बदलामुळे) बिघडली, हे संगणकाकडूनच शोधून घ्यावे. कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या ‘गिट’ची ‘गिट बायसेक्ट’ ही आज्ञा दर फेरीला मधला कमिट तपासून उरलेला निम्मा इतिहास बाद करते. त्यामुळे मध्ये १,००० कमिट असले, तरी साधारण १० चाचण्यांत काम होते.

‘गिट बायसेक्ट स्टार्ट’ ही आज्ञा देऊन सध्याच्या कमिटवर ‘बॅड’ आणि एका जुन्या कमिटवर ‘गुड’ अशी खूण करावी. जुन्या कमिटवर दोष खरोखरच दिसत नाही, हे आधी स्वतः चालवून पाहावे. आठवणीवर विसंबून केलेली ‘गुड’ची खूण चुकली, तर पुढचा सगळा शोध भलतीकडे जातो.

मधले कमिट आपोआप तपासण्यासाठी एक स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने चालणाऱ्या आज्ञांची फाइल, लिहावी; खरी मेहनत तिच्यातच आहे. तिने प्रोग्राम बिल्ड करावा (कोडपासून चालवण्याजोगा तयार करावा), दोष दाखवणारी एकच चाचणी चालवावी आणि निकाल एक्झिट कोडने, म्हणजे संपताना परत केलेल्या आकड्याने, कळवावा: ० म्हणजे कमिट चांगला, १ म्हणजे वाईट आणि १२५ म्हणजे ‘हा तपासता येत नाही, वगळा’. बिल्डच झाले नाही, तर १२५च परत करावा, नाहीतर निरपराध कमिटवर आळ येतो. प्रोग्राम सेगमेंटेशन फॉल्टने (मेमरीच्या चुकीच्या वापराने) कोसळला, तर लिनक्सच्या शेलमध्ये (आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) कोड १३९ येतो आणि १२८ किंवा त्याहून मोठा कोड मिळताच बायसेक्ट शोधच थांबवते. म्हणून असा कोड स्क्रिप्टमध्येच १ मध्ये बदलावा. स्क्रिप्ट रिपॉझिटरीबाहेर (गिट सांभाळते त्या फोल्डरबाहेर) ठेवावी, म्हणजे प्रत्येक चेकआउटबरोबर (दुसऱ्या कमिटवर जाताना) ती बदलण्याची भीती राहत नाही. मग ‘गिट बायसेक्ट रन’पुढे तिचा मार्ग देऊन निवांत चहा घ्यावा.

दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही, अशी स्थिती असेल, तर घाई नको. प्रत्येक कमिटवर चाचणी २०-३० वेळा चालवावी आणि एकदाही फसली, तरी तो कमिट वाईट धरावा. वेळ जास्त लागतो, पण एका चुकीच्या उत्तराने खरा गुन्हेगार असलेला अर्धा भागच बाद होतो आणि गिटला त्याचा पत्ताही लागत नाही.

कमिट सापडल्यावर ‘गिट बायसेक्ट रिसेट’ने मूळ ठिकाणी परतावे, वेगळ्या ब्रँचवर (कोडच्या स्वतंत्र शाखेवर) तो कमिट ‘रिव्हर्ट’ करून, म्हणजे त्याचा बदल उलटवून, चाचणी पुन्हा चालवावी आणि ती पास झाली, तरच कारण सापडले असे मानावे. दुरुस्ती रिव्हर्टने करायची की नव्या कोडने, हे त्या कमिटवर पुढे काय काय उभे राहिले आहे ते पाहून ठरवावे. दोष दाखवणारी चाचणी मात्र त्याच दुरुस्तीबरोबर कायमच्या चाचणीसंचात टाकावी.