पावसाळ्यात ‘पर्ल्स’ची कुंडी सांभाळताना

मृग लागायच्या आत ‘स्ट्रिंग ऑफ पर्ल्स’, म्हणजे मण्यांसारख्या गोल पानांच्या वेलीच्या, सगळ्या कुंड्या पक्क्या छपराखाली घ्या. शेडनेटवर विसंबू नका. जाळी ऊन अडवते, पाऊस मात्र गाळून आत सोडते. वर पॉलिथिन हवेच, आणि बाजू मोकळ्या हव्यात, म्हणजे वारा खेळता राहील.

हे रोप झेंडू-शेवंतीच्या कुळातले, पण अंगात पाणी साठवणारे. शास्त्रीय नाव क्युरिओ रोवलीयानस. जुन्या पुस्तकांत ते सेनेसिओ म्हणून सापडेल. मूळचे दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्टर्न केपचे. तिथे ते लोंबत नाही. झुडपांच्या नि दगडांच्या आडोशाला जमिनीवर पसरते आणि जिथे पेर मातीला टेकेल तिथे मूळ धरते. टांगायची हौस आपली. मुळे अशी वरवरची असल्यामुळे खोल कुंडीत तळाची माती ओलीच राहते आणि तिथून सड सुरू होते. उथळ, भाजक्या मातीची कुंडी घ्या. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्म्याहून कमी ठेवा, बाकी जाड वाळू, परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) किंवा विटेचा बारीक चुरा. नुसत्या कोकोपीटमध्ये आलेले रोप पावसाळ्याआधी या मिश्रणात हलवून घेतलेले बरे. मिश्रण कुंडीच्या काठापासून बोटभरच खाली असू द्या. खोलगट राहिले तर मधले मणी, म्हणजे गोल पाने, दमट हवेत कोंडतात.

आता सगळ्यात महत्त्वाचे. मणी सुरकुतले की आपला हात आपसूक झारीकडे जातो. उन्हाळ्यात ते ठीक आहे, पण जुलै-ऑगस्टमध्ये याच सवयीने सर्वाधिक रोपे जातात. मुळे कुजली की पाणी वर चढत नाही, आणि ओल्या मातीतही मणी तहानल्यासारखेच दिसतात. म्हणून आधी कुंडी उचलून वजन पाहा, बोटभर खोल काडी खुपसा. काडी कोरडी निघाली, कुंडी हलकी लागली आणि मणी मऊ पडले असले, तरच सकाळी पाणी द्या. काडीला ओली माती चिकटली, मणी पिवळट, पाणचट होऊन हात लावताच गळू लागले, तर ती सड आहे. अशा वेळी खत, टॉनिक काहीही देऊ नका. रोप बाहेर काढा, कुजका भाग कापून टाका आणि चांगल्या वेलीचे 10 सेंमीचे तुकडे वाचवा.

हे तुकडे एक दिवस सावलीत सुकू द्या. मग मातीत खोचण्याऐवजी वरून आडवे पसरा. पेर मातीला टेकले पाहिजे, त्यासाठी केसांची पिन चालते. खरे तर ही लावणी सड यायची वाट न पाहता, निरोगी रोपावरून आत्ताच करून ठेवावी. मूळ कुंडी गेली तरी वाण हातात राहतो. मोठी लावणी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात करा.

प्रत्येक मण्यावर एक पारदर्शक रेघ असते. तिच्यातून उजेड पानाच्या आत पोचतो. ढगाळ दिवसांत हा उजेड कमी पडतो, वेली लांबट होतात, मणी विरळ येतात. त्यामुळे छपर स्वच्छ ठेवा आणि कुंड्या फार उंच टांगू नका. वेलीइतकाच कुंडीच्या माथ्यालाही उजेड हवा. माथा टकला पडला असेल तर एखादी लांब वेल गोल फिरवून वर बसवा.

पिठ्या ढेकूण मण्यांच्या बेचक्यात लपतो. थोडा असेल तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा. निंबोळी तेल आधी एकाच वेलीवर मारून दोन दिवस पाहा.

विकताना गिऱ्हाइकाला एक आवर्जून सांगा: हे मणी विषारी आहेत. वाटाण्यासारखे दिसतात म्हणून लहान मूल तोंडात घालू शकते. कुत्र्या-मांजरांपासूनही कुंडी लांब ठेवायला सांगा.