जायरो लावल्यावर नेम बिघडतो? मोशन कंट्रोल सोडून देण्याआधी या चुका टाळा

बीजीएमआय हा मोबाइलवरचा बंदुकीचा गेम खेळणाऱ्या मुलांच्या कोणत्याही घोळक्यात नवा गडी आला, की 'जायरो की नॉन-जायरो?' हा प्रश्न त्याच्या आडनावाच्या आधी विचारला जातो. म्हणजे फोन वळवून, त्यातल्या जायरोस्कोप या सेन्सरच्या आधारे नेम धरतोस, की नुसत्या अंगठ्याने? जायरो लावून पाहून सोडून दिलेल्या खेळाडूकडे उत्तरही तयार असते: 'हात हलला की नेम हलतो, आपल्याला नाही जमत.' अशा बऱ्याच जणांचे फोन हातात घेऊन सेटिंग पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, दोष क्वचितच हाताचा असतो. तो बहुतेक वेळा मांडणीचा असतो. मोशन कंट्रोल, म्हणजे हालचालीने खेळ चालवण्याची पद्धत, मुरलेल्या खेळाडूला आपलेसे करू शकेल का, यावर कन्सोलच्या, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेम यंत्रांच्या, जगात वर्षानुवर्षे वाद झाला, पण आपल्याकडे स्पर्धेत उतरणाऱ्या मोबाइल खेळाडूंनी फोन तिरपा करून नेम धरणे केव्हाच अंगवळणी पाडून घेतले आहे. बाकीचे त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत, कारण ते पुढे सांगितलेल्या चुकांपैकी एखादीपाशी अडखळतात आणि तिथूनच परत फिरतात.

सगळे मोशन कंट्रोल एकाच माळेचे मणी समजणे

ही चूक सेटिंगमधली नाही, मनातली आहे, आणि जुन्या खेळाडूंच्या बाबतीत ती सर्वांत चिवट असते. २००६ साली निन्टेन्डोचा वी हा कन्सोल आला आणि त्याचे १० कोटींहून अधिक नग विकले गेले. परंतु घरातली आजीसुद्धा ज्यावर बोलिंग खेळते, त्या यंत्राकडे तासन् तास खेळणाऱ्या माणसाने गंभीरपणे पाहिले नाही. त्याचा आकस अगदीच निराधार नव्हता. वीच्या मूळ रिमोटमध्ये जायरोस्कोप नव्हताच. त्यात हालचालीचा वेग कमी-जास्त झालेला ओळखणारा अ‍ॅक्सेलरोमीटर आणि टोकाला एक इन्फ्रारेड कॅमेरा होता, तर टीव्हीवर ठेवायच्या ज्या पट्टीला सगळे 'सेन्सर बार' म्हणत, तिच्यात सेन्सर नसून फक्त इन्फ्रारेड दिवे होते. मनगट नेमके किती अंशांत वळले हे अशा रिमोटला नीट कळत नसल्यामुळे कितीतरी खेळांत 'तलवार फिरवा'चा खरा अर्थ 'रिमोट जोरात हलवा' एवढाच उरला. जायरोस्कोपची जोड वी मोशनप्लसच्या रूपाने २००९ मध्ये मिळाली.

त्याच २००६ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ च्या सिक्सअ‍ॅक्सिस कंट्रोलरमध्ये झुकाव ओळखण्याची सोय दिली. २००७ च्या 'लेअर' या खेळात ड्रॅगन उडवायला तीच सक्तीची केली गेली, आणि इतकी बोलणी खावी लागली की पुढे अपडेट देऊन साध्या स्टिकचा (अंगठ्याने फिरवायच्या दांडीचा) पर्याय द्यावा लागला. २०१० च्या किनेक्टने, म्हणजे खेळाडूची हालचाल टिपणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या कॅमेऱ्याने, तर हातातले बटणच काढून घेतले. पहिल्या साठ दिवसांत त्याचे ८० लाख नग खपले, पण समोर एकट्यासाठी सुमारे सहा आणि दोघांसाठी आठ फूट मोकळी जागा हवी, ही त्याची अट होती. (मुंबईच्या वन-आरकेत सहा फूट मोकळी जागा काढायची, तर आधी पलंग जिन्यात ठेवावा लागेल.) २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच एक्सबॉक्स वन कन्सोलसोबत किनेक्ट गळ्यात मारला गेला, २०१४ च्या जूनमध्ये तो वगळून कन्सोल १०० डॉलरने स्वस्त करावा लागला आणि २०१७ मध्ये त्याचे उत्पादनच थांबले.

या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. खेळाडू हावभाव करी आणि 'याला नक्की काय म्हणायचे आहे' याचा अंदाज यंत्र बांधी. बटण दाबले की दाबले. तिथे अंदाजाला वाव नसतो, आणि मुरलेल्या खेळाडूचा सगळा आत्मविश्वास त्या खात्रीवर उभा असतो. जायरोने नेम धरणे हा प्रकार मुळातच वेगळा आहे, कारण त्यात हावभाव ओळखण्याचा प्रश्नच येत नाही. फोन दोन अंश वळला की नेम ठरलेल्या पटीत वळतो, जसा माउस सरकवला की बाण सरकतो. २०१५ मध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या 'स्प्लॅटून' या नेमबाजीच्या खेळाने हाच मार्ग धरला, आणि त्या मालिकेत वरच्या पातळीवर खेळणाऱ्यांनी मोशन बंद करण्याऐवजी तेच आपले मुख्य हत्यार केले. म्हणून किनेक्टच्या आठवणीवरून जायरोला नापास करू नका.

फोनमध्ये खरा जायरोस्कोप आहे की नाही, हे न पाहणे

स्वस्त फोनमध्ये पुष्कळदा जायरोस्कोपची चिप नसते. अ‍ॅक्सेलरोमीटर आणि होकायंत्राचा सेन्सर यांच्या नोंदी जुळवून 'व्हर्च्युअल जायरोस्कोप' चालवला जातो. तो पॅनोरामा फोटोपुरता ठीक असला, तरी नेम धरताना झटके देतो, उशिरा हलतो आणि चुंबकी झाकणाच्या कव्हरजवळ तर बिथरतोच. सेन्सरची यादी दाखवणारे कोणतेही मोफत अ‍ॅप उघडून खात्री करून घ्या. यादीत जायरोस्कोप नसेल, तर पुढचे सारे उपाय व्यर्थ आहेत. त्या फोनवर अंगठ्यानेच खेळणे बरे.

अंगठा आणि मनगट, दोघांनी एकच काम करणे

माझ्या मते जायरो सोडून देण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे, त्यामुळे इथे जरा थांबू.

माझा भाचा दहावीच्या सुट्टीत दोन दिवस जायरो लावून वैतागला होता. 'मामा, बघ ना, गन जमिनीत जातेय,' असे म्हणून त्याने फोन माझ्या हातात दिला नाही, तर खेळून दाखवला, ते बरेच झाले. एम४१६ बंदुकीला ३एक्स (तिप्पट मोठे दाखवणारा) स्कोप, समोर भिंत. गोळीबार सुरू होताच बंदूक रिकॉइलने (गोळीच्या धक्क्याने) वर उसळू लागली. त्याने फोन झुकवून ती खाली आणली, पण त्याच क्षणी त्याचा उजवा अंगठाही काचेवरून खाली घसरला. तीन वर्षे नॉन-जायरो खेळलेला अंगठा होता तो. गोळी सुटली की खाली ओढायचे, हे त्याला कोणी सांगावे लागत नव्हते. एकाच धक्क्याला दोनदा उत्तर दिले गेल्यामुळे पहिल्या सहा-सात गोळ्या भिंतीवर आणि उरलेल्या गवतात गेल्या. 'अंगठा कशाला ओढतोस?' असे विचारल्यावर तो म्हणाला, 'मी कुठे ओढतोय?' आणि त्याला ते खरेच जाणवत नव्हते.

यावरचा उपाय सोपा असला तरी कंटाळवाणा आहे. ट्रेनिंग ग्राउंडवर जा, ठरावीक अंतरावर भिंतीसमोर उभे राहा आणि ३० गोळ्यांचे मॅगझिन एका दमात रिकामे करा, मात्र त्या वेळी उजवा अंगठा काचेवरून पूर्ण उचललेला असू द्या; फायरचे बटण डाव्या हाताच्या बोटाने दाबा. मग भिंतीवरची भोके वाचा. ती वर चढत गेली असतील, तर गोळीबाराच्या वेळी लागू होणारी एडीएस जायरोस्कोप सेन्सिटिव्हिटी (फोन वळल्यावर नेम किती वळावा याचा आकडा) थोडी वाढवा. खाली उतरत गेली असतील, तर कमी करा. डावी-उजवीकडे नागमोडी पसरली असतील, तर सेटिंगला हात लावू नका. तो पकडीचा प्रश्न आहे, कोपर टेकवून पुन्हा पाहा. नुसत्या मनगटाने झोत एका जागी राहू लागला, की अंगठा परत काचेवर आणा, पण आता त्याचे काम वेगळे असेल. मागे वळणे, दारातून आत शिरताना कोपरा झाकणे अशी मोठी वळणे अंगठ्याने घ्यायची, आणि शत्रू स्कोपमध्ये आल्यावरची बारीक दुरुस्ती मनगटाने करायची. अंगठ्याच्या एडीएस सेन्सिटिव्हिटीचा आकडाही या काळात उतरवून ठेवावा, म्हणजे सवयीने ओढले तरी फार बिघडत नाही.

जायरोसाठी 'स्कोप ऑन' निवडावे की 'ऑलवेज ऑन', यावर मुले हमरीतुमरीवर येतात. नवख्याने 'स्कोप ऑन'ने सुरुवात करावी असे मला वाटते, कारण चालता-धावताना दृश्य डुलत नाही आणि जायरो कुठल्या कामासाठी आहे हे डोक्यात पक्के बसते. स्कोप न लावता जवळून मारामारी करण्याची वेळ वरचेवर येऊ लागली, की 'ऑलवेज ऑन'कडे जाता येते.

दुसऱ्याचा सेन्सिटिव्हिटी कोड जसाच्या तसा उचलणे

नावाजलेल्या खेळाडूचा कोड, म्हणजे त्याचे सगळे आकडे एकदम उतरवून घेणारा संकेत, टाकला की त्याचा नेमही आपल्या फोनमध्ये उतरेल, ही समजूत चष्म्याच्या नंबरासारखी आहे. शेजाऱ्याचा चष्मा कितीही महागडा असला तरी आपल्याला धूसरच दिसते. कोड देणारा कदाचित टॅबलेटवर खेळतो, ज्याच्या चौकोनी पडद्यावर उभा देखावा जास्त मावतो आणि ज्याच्यावर अंगठा जास्त लांब सरकतो. तो टेबलावर कोपर टेकवून बसतो आणि तुम्ही भिंतीला पाठ लावून. बीजीएमआयमध्ये जायरोची सेन्सिटिव्हिटी ४०० टक्क्यांपर्यंत नेता येते. पहिल्याच दिवशी सगळे आकडे तिथे नेऊन ठेवले, तर श्वास घेतल्यानेही नेम हलेल. बिनस्कोप आणि रेड डॉट या साध्या लाल ठिपक्याच्या स्कोपसाठी मधला आकडा धरा आणि स्कोप जितका मोठा, तितका आकडा उतरता ठेवा, कारण ६एक्समध्ये मनगटाचा सूक्ष्म कंपही ठळक दिसतो. एका वेळी एकच आकडा बदला आणि तो निदान आठवडाभर तसाच राहू द्या. रोज हरल्यावर रोज आकडे बदलणाऱ्याच्या हाताला शिकायला काही स्थिर असे मिळतच नाही.

नेम आपोआप सरकतो म्हणून हाताला दोष देणे

जायरोस्कोप कोन मोजत नाही, वळण्याचा वेग मोजतो. तो वेग क्षणोक्षणी मिळवत जाऊन कोन काढला जातो. चिपमधली कंप पावणारी यंत्रणा केसाहून बारीक असते आणि ती तापली की स्थिर असतानाही किंचित वेग दाखवू लागते. हा 'किंचित' बेरजेत साचतो आणि दृश्य हळूहळू एका बाजूला वाहू लागते. वर-खाली झुकाव दुरुस्त करायला गुरुत्वाकर्षणाचा आधार असतो, डाव्या-उजव्या वळणाला तो नसतो; म्हणून असा प्रवाह बहुधा आडवा दिसतो. फोन सपाट टेबलावर ठेवून तो निवेपर्यंत थांबा आणि मग तशाच स्थितीत कॅलिब्रेशन करा. गादीवर ठेवून किंवा हातात धरून केलेले कॅलिब्रेशन म्हणजे तराजूत आधीच वजन ठेवून शून्य लावणे आहे. चार्जिंगला लावून खेळण्याचे दोन तोटे आहेत: फोन तापतो, आणि वायर मनगटाला सतत एका बाजूला ओढते. तापलेल्या फोनवर फ्रेम गळू लागल्या, म्हणजे दृश्य अडखळू लागले, की हालचाल आणि दृश्य यांत अंतर पडते आणि खेळाडू गरजेपेक्षा जास्त झुकवत राहतो.

एक गंमत एसटीत अनुभवायला मिळते. गाडी खंबाटकी घाटात वळण घेते, तिच्याबरोबर तुम्ही वळता, तुमच्याबरोबर फोन वळतो, आणि बसल्या जागी हात न हलवता तुमचा नेम शत्रूवरून डोंगरावर जातो. सेन्सर बिघडलेला नसतो. तो प्रामाणिकपणे बसचे वळण मोजत असतो. प्रवासात जायरो बंद ठेवावा किंवा खेळच बंद ठेवावा.

कन्सोल आणि पीसीवरच्या काही अडचणी

'स्प्लॅटून'मध्ये मोशन चालू असताना उजवी स्टिक वर-खाली काम करत नाही, फक्त आडवी फिरते. कंट्रोलर बिघडला असे समजून नवखे खेळाडू मोशनच बंद करून टाकतात. तिथे नेम वाकडा झाला, तर वाय बटण दाबून दृश्य सरळ करण्याची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्यावी.

पीसीवर स्टीम या गेमच्या सॉफ्टवेअरमधून सोनीचा ड्युअलसेन्स किंवा निन्टेन्डो स्विचचा प्रो कंट्रोलर जोडणारे बऱ्याचदा जायरोची जोडणी स्टिकला करतात. स्टिकच्या मध्यभागी खेळाने एक मृत पट्टा (जिथली हालचाल मोजली जात नाही) राखून ठेवलेला असतो, आणि जायरोचे जे खरे बळ, म्हणजे बारीक हालचाल, ती नेमकी त्या पट्ट्यात गिळली जाते. जायरो माउसला जोडा. शिवाय एक बटण जायरो तात्पुरता थांबवण्यासाठी राखून ठेवा. माउस टेबलाच्या कडेला पोहोचल्यावर आपण जसा उचलून मध्ये ठेवतो, तसेच मनगट अवघडल्यावर ते बटण दाबून हात सरळ करून घेता येतात. पुढची पायरी म्हणजे गेम विकसक जिब स्मार्ट यांनी सुचवलेली 'फ्लिक स्टिक'. तिच्यात स्टिक ज्या दिशेला लोटाल त्या दिशेला पात्र तत्काळ वळते आणि बाकीचा नेम जायरो धरतो. 'फोर्टनाइट' या खेळाने २०२२ मध्ये ती आपल्या सेटिंगमध्येच दिली. मात्र खरेदीपूर्वी हे लक्षात घ्या की एक्सबॉक्सच्या नेहमीच्या कंट्रोलरमध्ये जायरो नसतो, त्यामुळे तो जोडून हे पर्याय शोधत बसणे फुकट आहे.

जिथे गरज नाही तिथेही लावणे

फायटिंग गेममध्ये एका सेकंदाच्या साठाव्या हिश्श्यावर वार लागतो की चुकतो हे ठरते. तिथे बटणाला पर्याय नाही. 'स्कायवर्ड सोर्ड' हा झेल्डा मालिकेतला खेळ २०११ मध्ये पूर्णपणे मोशनवर बेतला होता, आणि २०२१ मध्ये स्विचवर आणताना निन्टेन्डोनेच त्यात तलवार स्टिकने चालवण्याचा पर्याय घातला. माझा भाचाही गाड्यांच्या शर्यतीत फोन स्टिअरिंगसारखा फिरवत नाही, पडद्यावरची बटणेच वापरतो. बीजीएमआय उघडताना मात्र तो आधी चार्जरची वायर काढून ठेवतो.