कोयना-चांदोलीत सुतार पक्ष्यांच्या टोळीचा माग कसा काढावा

साताऱ्या-सांगलीच्या घाटमाथ्यावर टोळीने हिंडणारा सुतार बघायचा असेल तर हार्ट-स्पॉटेड वुडपेकर निवडा. जेमतेम १६ सेंटिमीटरचा, आखूड शेपटीचा, डोक्यावर तुरा, पंखांवर बदामाच्या आकाराचे काळे ठिपके. सुतार म्हणून सगळे बुंध्याकडे बघत बसतात आणि इथेच तो निसटतो, कारण हा शेंड्याजवळच्या बारीक फांद्यांवर चरतो.

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतात. त्यामुळे आधी वनविभागाचा परवाना आणि वाटाड्या. वाट सोडून आत शिरता येत नाही, म्हणून टोळीमागे धावण्याचा विचारच सोडा. वाटेवरच्या मोकळ्या जागा हेरून ठेवा: ओढा, जाळरेषा (वणवा रोखण्यासाठी मोकळी केलेली पट्टी), रस्त्याचे वळण. डिसेंबर ते मार्च पानगळीमुळे नजर पोचते.

आधी कान लावा. टोळी चरताना सारखी बोलत असते. ध्वनिफीत वाजवून बोलावू नका. आवाजाकडे ओढलेल्या टोळीची चाल ही तिची स्वतःची चाल नव्हे, शिवाय विणीचा काळ साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असतो.

संख्या मोजायची ती मोकळी जागा ओलांडताना. पक्षी एकामागून एक सुटतात, पानांत मोजताना मात्र तोच पक्षी दोनदा धरला जातो. दोन ओलांडण्यांची बेरीज करू नका, त्यातला मोठा आकडा घ्या. नराचे कपाळ काळे, मादीचे पांढुरके. पांढुरक्या कपाळावर काळे ठिपके असतील तर ते पिल्लू असू शकते, घाईने मादी लिहू नये.

दर ५ मिनिटांनी नोंद: वेळ, संख्या, झाड, जमिनीपासून उंची, फांदीची जाडी (बोटाएवढी, मनगटाएवढी, त्याहून जाड), काय चालले आहे. सोबत भृंगराज, निखार, शिलींध्री असे दुसरे पक्षी असतील तर तेही लिहा आणि आधी कोण हलले ते आवर्जून. जीपीएस तुमची जागा दाखवतो, पक्ष्याची नाही. म्हणून होकायंत्राने झाडाची दिशा घ्या, अंतराचा अंदाज जोडा आणि नकाशावर झाडाचा बिंदू मांडा.

टोळी दिसेनाशी झाली की ‘हरवली’ असेच लिहा. रकाना रिकामा सोडला किंवा आधीचीच जागा पुन्हा लिहिली तर नकाशावर ती तिथेच मुक्काम करून बसल्यासारखी दिसते आणि सगळा हिशोब चुकतो. दहा मिनिटे तिथेच थांबा, पुन्हा सापडली तर नवी नोंद सुरू करा. दोघे असाल तर घड्याळे जुळवून एकाने पुढच्या मोकळ्या जागी उभे राहावे. चालीचा वेग असाच नीट कळतो.

वठलेल्या फांदीतल्या ढोलीत पक्षी शिरताना दिसला तर लगेच मागे हटा, दिशा दुरूनच घ्या. ढोलीचा नेमका ठिकाणा इंटरनेटवर टाकू नका.