निष्पर्ण झाडं ओळखताय? या चुका टाळा

फाल्गुन लागला की लोक रानात यायला कचरतात. ‘आता काय बघायचं, सगळे खराटे झालेत’ म्हणतात. मला मात्र हेच दिवस आवडतात. पानं गळाली की खोड, डहाळीची टोकं, फुगलेले कोंब असं सगळं उघडं पडतं. मी सह्याद्रीच्या पूर्व उतारावरच्या पानझडी रानात नवख्या मंडळींना घेऊन बरीच वर्षं फिरतोय आणि दर उन्हाळ्यात त्याच त्या चुका बघतोय. त्यातल्या दोन मला फार सलतात.

पहिली म्हणजे साल बघताक्षणी नाव ठोकून मोकळं होणं. ‘ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी’ हे वाक्य प्रत्येकानं कुठेतरी वाचलेलं असतं आणि ते खोटंही नाही. पण टेंभुर्णीचीही साल काळी असते, तिचेही चौकोनी तुकडे पडतात. जुन्या मोहाला भेगा असतातच. त्यातून डोंगराला वणवा लागून गेला असेल, तर कंबरेपर्यंत सगळीच खोडं कोळशासारखी दिसतात. झाडाच्या आकारावर जावं, तर राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, वर्षानुवर्षं फांद्या छाटलेला ऐन नुसता खांब होऊन उभा असतो. अशा वेळी फक्त सालीवरून नाव सांगणाऱ्याचं मी ऐकत नाही, मग तो कितीही अनुभवी असो.

मी झाडाजवळ गेलो की आधी खाली बघतो. पाचोळा हातानं बाजूला करायचा, दोन-तीन मिनिटं नीट शोधायचं. ऐनाखाली पाच पंखांची वाळकी फळं सापडतात. जुनं पान मिळालं तर ते उलटं करायचं. देठाजवळ, मधल्या शिरेला लागून मसासारख्या दोन गाठी दिसल्या की ऐनाबद्दल शंका उरत नाही. टेंभुर्णीच्या फळाच्या बुडाशी टोपी घट्ट चिकटलेली असते, तशी ऐनाला नसते. हे बघायला मुळीच कौशल्य लागत नाही, फक्त वाकावं लागतं. आणि नवख्यांना नेमका तेवढाच धीर नसतो.

पांढऱ्या खोडांच्या बाबतीतही हेच. लांबून पांढरं दिसलं की ‘कांडोळ!’ अशी हाक येते. कांडोळ, सालई, नाणा, धावडा, अर्जुन ही सगळीच फिकट खोडांची झाडं. अर्जुन बहुतेक ओढ्याकाठी भेटतो, कांडोळ खडकाळ उतारावर. सालईची साल कागदासारखी सुटते, पण सालही सुटलेली असेल आणि डिंकाला धुपासारखा वास असेल, तरच मी सालई म्हणतो. कांडोळाच्या डहाळ्या जाड असतात, टोकांशी पानं गळाल्याचे मोठमोठे वण असतात. त्याची पाच बोटांच्या चांदणीसारखी लाल फळं छान दिसतात म्हणून हातात घेऊ नका. त्यांच्यावरची लव टोचते.

काट्यांची गोष्टही अशीच. ‘खोडाला काटे नाहीत म्हणजे सावर नाही’ असं म्हणणारे मला दरवर्षी भेटतात. अहो, म्हाताऱ्या सावरीचं बूड गुळगुळीत होतं, मुळांच्या भिंती निघतात आणि काटे वरच्या कोवळ्या फांद्यांवर उरतात. मान वर करा. उलट काटे दिसले म्हणून लगेच सावरही म्हणू नका. सावरीचा काटा बुडाशी रुंद, शंकूसारखा असतो, पांगाऱ्याचा बारीक आणि काळा. कोकणात तिरफळाच्या खोडालाही शंकूसारखे काटे असतात. तिथे पडलेली कोवळी डहाळी चुरडून हुंगा. तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं खाल्लेल्या माणसाला पुढे काही सांगावं लागत नाही.

आता दुसरी चूक, आणि तिच्यासाठीच मी हे लिहायला बसलो. खिशातून चाकू काढून सालीला खाच मारायची आणि चीक कसला येतो ते बघायचं. ‘वनखात्याची जुनी माणसं असंच करायची’ असं मला सांगितलं जातं. करत असतील. पण कुठल्या झाडाला हात लावायचा नाही, हे त्यांना आधी ठाऊक असायचं.

काही वर्षांपूर्वी जुन्नरकडच्या एका डोंगरात आमच्याबरोबर कॉलेजातला एक मुलगा होता. हुशार आणि उत्साही, पण घाई फार. जाड डहाळ्यांचं, टोकांशी वण दाटलेलं एक झाड बघून त्याला मोह वाटला. मोहाला पांढरा चीक येतो हे त्यानं वाचलेलं होतं. मी मागून येईपर्यंत त्यानं बोटभर लांब खाच मारलीसुद्धा. पांढरं काहीच आलं नाही. पातळ, पाण्यासारखा रस पाझरला आणि आमच्या डोळ्यांदेखत खाचेच्या कडा काळ्या पडू लागल्या. तोवर त्यानं त्याच बोटांनी कपाळावरचा घाम पुसला होता. तो बिब्बा होता. परीट कपड्यांवर न पुसली जाणारी खूण करायचे, त्याच बिब्ब्याचं झाड. आम्ही बाटलीतल्या पाण्यानं आणि साबणानं त्याचे हात-तोंड धुतले, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला. पापण्या सुजून डोळे मिटले होते, कपाळावर आणि मनगटावर फोड आले होते. डॉक्टरांकडे न्यावं लागलं. पूर्ण बरं व्हायला दोन आठवडे गेले.

मला आजही वाईट याचं वाटतं की त्याच्या बुटाशेजारी पाचोळ्यात दोन काळे बिब्बे पडलेले होते. आणि वर बघितलं असतं, तरी मोह नाही हे कळलं असतं. फाल्गुनात मोहाच्या डहाळीच्या टोकाला तांबूस-तपकिरी लव असलेल्या कळ्यांचे झुबके असतात. त्या झाडावर तसं काहीच नव्हतं. तेव्हापासून माझ्याबरोबर येणाऱ्याचा चाकू गाडीतच राहतो. मी स्वतः दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि वही, एवढंच नेतो, आणि डहाळी हवीच असेल तर खाली पडलेली उचलतो.

बाकीच्या चुका लहान आहेत, पण त्यांनीही खूप गोंधळ होतो.

डहाळीवरचे वण समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे न बघताच लोक पुढे जातात. हे एक बघितलं की निम्मी नावं गळतात. साग समोरासमोरच्यांपैकी, आणि त्याची कोवळी डहाळी बोटांत फिरवली तर चौकोनी लागते. डहाळीला पेरापेराशी पूर्ण गोल कडं दिसलं तर वड-उंबराचं कुळ आठवा. सोनचाफ्यालाही तसं कडं असतं, पण चीक नसतो.

कुड्यांसाठी डहाळीशी झटापट करू नका, लोंबणाऱ्या शेंगा बघा. पांढऱ्या कुड्याच्या दोन शेंगा सुट्या असतात, काळ्या कुड्याच्या टोकाला जुळलेल्या.

अनोळखी झाडावर चढलेल्या वेलीला हात लावू नका. या दिवसांत खाजकुइलीच्या शेंगा वाळलेल्या असतात.

फोनवर सालीचा वीतभर अंतरावरून एकच फोटो काढून ‘हे कोणतं झाड?’ असं विचारू नका. ॲपलाही विचारू नका, तेही भलतंच नाव सांगेल. पूर्ण झाड, खोड, डहाळीचं टोक आणि झाडाखाली सापडलेली वस्तू असे चार फोटो हवेत. शेवटचा कोणीच काढत नाही.

आणि त्याच दिवशी नाव कळलंच पाहिजे हा हट्ट सोडा. यंदाच्या माझ्या वहीत ओढ्यापलीकडच्या एका झाडापुढे एवढंच लिहिलंय: ‘वण समोरासमोर, साल फिकट राखाडी, कोंब टोकदार, खाली काही नाही.’ बरोबरच्या दोघांनी शिवण म्हणून लिहून टाकलं. मी जागा कोरी ठेवलीय. खोडाशेजारच्या दगडावर खूण केलीय, पाऊस पडून पानं आली की पुन्हा जाणार आहे.